निव्वळ

तुर्भ्याच्या बाजारामागे माझा वजनकाटा.
गाडी चढते, आकडा थरथरतो, थांबतो.
भरला. मग रिकामा.
वजाबाकी करून जे उरतं
त्याला पावतीवर निव्वळ म्हणतात.

अकरा वर्षं झाली.
माझा काटा दहा किलोच्या खालचं बघत नाही.
क्लीनरच्या डब्यातली भाकरी,
टपावर येऊन बसलेला कावळा,
त्याच्या हिशेबी सगळं शून्य.

केबिनीला लागून विलायती शिरीष.
मी कामाला लागलो तेव्हा माझ्या खांद्याएवढा,
आता तिसऱ्या गाळ्यापर्यंत सावली टाकतो.
रेवतीनं अकरावीच्या पुस्तकातून मान न उचलता विचारलं,
पप्पा, हे एवढं वजन आलं कुठून?
म्हटलं, मातीतून. आणखी कुठून?
तर म्हणे, मग खड्डा कुठाय?

खड्डा नव्हता.
उलट मुळांनी पेव्हर ब्लॉक वर उचलले होते.

हवेतून, ती म्हणाली.
ह्या गाड्या मागून जे सोडतात त्यातून,
तुम्ही आत्ता जांभई दिलीत त्यातून.
पानाच्या पोटाला बारीक ओठ असतात,
दिवसा उघडतात.
आत एक कारकून बसलेला, इतका संथ
की सेकंदाला दोन-तीन कण हातावेगळे करतो,
त्यातही चुकतो,
कर्बवायू सोडून प्राणवायूच उचलतो,
मग ते निस्तरत बसायचं.
मला हसू आलं.
हा माणूस मी बाजार समितीत पाहिलाय.

पाच कर्बांच्या साखळीला तो सहावा जोडतो.
जोडला की साखळी मधोमध तुटते,
तीन आणि तीन.
उन्हानं पाणी फोडून जी ताकद कमावली
ती ह्या तुकड्यांवर खर्च.
सहा वायू आत आले की बारा तुकडे.
बारांतले दहा
पुन्हा पाचाच्या साखळ्या बांधायला परत.
उरतात दोन.
दोन मिळून एक साखर.

इथं मी तिला थांबवलं.
बारांतले दहा.
खोलीचं भाडं, तिच्या क्लासची फी,
गावच्या पतपेढीचा हप्ता, बायकोची थायरॉइडची गोळी,
आणि उद्या पुन्हा कामावर यायचं म्हणून
भरावं लागणारं पोट.
हे मी कधी कुणाला शिकवलं नव्हतं.
झाडाला कुणी सांगितलं?

त्याच आठवड्यात कोल्हापूरची साखर आली.
निव्वळ सोळा हजार चाळीस.
पावतीकडे बघत राहिलो:
सोळा टन हवापाणी, उसानं बांधलेलं,
आता हणमंत ढाण्यांच्या मानेवरून उतरायचं.
त्याला सांगितलं तसं म्हणाला,
हवा असती तर माझ्या मणक्यात गॅप आला नसता.

मार्चमध्ये पालिकेची माणसं आली,
तारांना लागते म्हणून एक फांदी उतरवली,
गुलाबी फुलांच्या झुपक्यांसकट टेम्पोत कोंबली.
टेम्पो काट्यावर चढला.
निव्वळ तीनशे ऐंशी.
मालाच्या रकान्यात काय लिहू?
रेवतीला फोन लावला.
अर्धं तर पाणीच असेल, ती म्हणाली,
उरलेलं तुम्हाला माहितीय.

टेम्पोवाला इंजिन चालू ठेवून
पावतीसाठी हात पुढे करून उभा.
धूर कापलेल्या जागेवरून वर चालला होता,
उरलेल्या पानांकडे.
एरवी मी ओरडतो, इंजिन बंद कर म्हणून.
लाकूड, असं लिहिलं
आणि पावती दिली.

संध्याकाळी शिरीषानं पानं मिटली.
रात्रीचं झाडही आपल्यासारखंच,
दिवसाच्या कमाईतलं थोडं खातं,
श्वास सोडतं.
केबिनीचा दिवा मालवताना पाहिलं,
काट्याच्या लोखंडावर
मूठभर पानं पडली होती.
आकडा शून्य.